एम.एड., एम.ए. (शिक्षणशास्त्र) की एमबीए : एका माध्यमिक शिक्षिकेच्या पदव्युत्तर निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील शिक्षिका पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा, संस्था आणि विद्यापीठ यांची नावे दिलेली नाहीत. गावात लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून येथेही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे.

बाई गणित विषय घेऊन बी.एस्सी. झाल्या आणि २०१० साली, बी.एड. अजून एका वर्षाचे होते तेव्हा, बी.एड. झाल्या. २०११ मध्ये शिक्षण सेवक म्हणून लागल्या आणि तीन वर्षांनी नियमित झाल्या. मे २०२२ मध्ये त्या माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या तेव्हा त्यांचे वय ३५ होते. घरी पती, दोन मुले आणि अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले सासरे होते. पतींचे खते-बियाण्यांचे दुकान आहे, त्यामुळे खरीप आणि रब्बीच्या तोंडावर तेही दिवसभर दुकानातच असतात. मी स्वतः अध्यापक महाविद्यालयात २६ वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे आणि आसपासच्या तालुक्यांतील शिक्षक पुढील शिक्षणाबद्दल विचारायला येतात, तशाच बाई आल्या होत्या.

त्यांनी सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन गोष्टी आणल्या होत्या. एक सगळ्या गुणपत्रकांची फाईल, आणि दुसरी दोनशे पानी वही. फाईल त्यांनी लगेच पुढे केली. वहीबद्दल मात्र मीच विचारले. ती मुलांच्या चुकांची वही होती. आठवीच्या वर्गात (अ + ब) चा वर्ग काढताना किती मुलांनी नुसता अ वर्ग अधिक ब वर्ग लिहिला, त्यांतल्या कोणी आधी कंसाचा अर्थ चुकवला, कोणी उणे तीनचा वर्ग उणे नऊ लिहिला, याची तारीखवार नोंद तिच्यात होती आणि प्रत्येक चुकीसमोर मुलाने लिहिलेली पायरी जशीच्या तशी उतरवलेली होती. ही वही त्या कोणी सांगितले म्हणून लिहीत नव्हत्या. ज्येष्ठ सहकाऱ्यांना ती दाखवायलाही त्यांना संकोच वाटत असे. पुढच्या सगळ्या निर्णयांत या वहीला फार महत्त्व आले.

प्रश्न नेमका काय होता

बाईंनी विचारलेला प्रश्न साधा होता : “सर, एम.एड. करू की एमबीए?” हा प्रश्न दोन दिशांनी त्यांच्याकडे आला होता. मुख्याध्यापक व्हायचे असेल तर एम.एड. हवेच, असे त्यांचे मामा सांगत होते. ते स्वतः निवृत्त मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या शब्दाला घरात वजन होते. दुसऱ्या बाजूला संस्थेच्या सचिवांनी त्यांना बोलावून सांगितले होते की, संस्थेची विनाअनुदानित इंग्रजी शाळा वाढत आहे, तिथे प्रशासक लागणार आहे, तुम्ही एमबीए करा, पुढचे आम्ही बघतो. सचिवांना हे सुचण्याला कारण होते. शालार्थ या शासनाच्या वेतन प्रणालीवरील देयकांपासून ते यू-डायस या शाळांच्या वार्षिक माहिती संकलनापर्यंत आणि इंग्रजी शाळेतील आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशांच्या शुल्क प्रतिपूर्तीच्या प्रस्तावांपर्यंत, लिपिकांना न सुटणारी सगळी कामे बाई तीन वर्षे करून देत होत्या.

त्यातच एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करण्यास परवानगी देणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. त्यामुळे घरात तिसराही सूर निघाला, की दोन्ही एकदमच का करू नये.

मला मात्र हा प्रश्न एम.एड. की एमबीए असा वाटला नाही. या पदव्यांपैकी प्रत्येक पदवी नियमांच्या भाषेत कोणते दार उघडते, आणि त्या दारामागचे काम बाईंना खरोखर करायचे आहे का, हे दोन प्रश्न आधी सुटायला हवे होते. आपल्याकडे शिक्षक पदवीचे नाव आधी ठरवतात, प्रवेश घेतात, आणि ती कुठे ग्राह्य धरली जाते हे पदवी हातात आल्यावर विचारायला निघतात. यात मी अनेकांची वर्षे वाया गेलेली पाहिली आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत आधी मुख्याध्यापकपदाचा विचार केला, कारण मामांचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता. महाराष्ट्रातील खासगी शाळांतील सेवाशर्ती १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनुसार ठरतात. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी त्या नियमावलीत पदवी, बी.एड. आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव अपेक्षित आहे, आणि ही अर्हता असलेल्यांपैकी सेवाज्येष्ठ शिक्षकाची समाधानकारक सेवा पाहून नेमणूक करावी लागते. एम.एड. केल्याने ज्येष्ठता यादीतील क्रमांक वर सरकत नाही. बाईंना मी शाळेची ज्येष्ठता यादी आणायला सांगितली. तिच्यात त्या अकराव्या होत्या. त्यांच्या वरच्या प्रत्येकाचे ५८ वर्षे पूर्ण होण्याचे साल आम्ही कागदावर मांडले, तेव्हा २०३९ च्या आधी त्यांची पाळी येत नव्हती, आणि ती एम.एड. असो वा नसो तेव्हाच येणार होती. मामांच्या पिढीत एम.एड. झालेला शिक्षक मुळातच विरळ असे, त्यामुळे पदवी आणि मानाचे पद यांची सांगड लोकांच्या मनात बसली असावी. त्यांचा सल्ला प्रेमाचाच होता.

एम.एड.चा खरा उपयोग अध्यापक महाविद्यालयात शिकवण्यासाठी होतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. आणि एम.एड. दोन्ही दोन वर्षांचे केले, आणि एम.एड.साठी तासिका व प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला ९० टक्के उपस्थिती ठरवली. हा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करण्याची सोय त्या विनियमांत नाही. म्हणजे बाईंना दोन वर्षे रजा घ्यावी लागणार होती, आणि पगारी अध्ययन रजा मिळण्याची चिन्हे नव्हती. जवळच्या एका महाविद्यालयातून “प्रवेश घ्या, हजेरीचे आम्ही बघू” असा निरोपही त्यांना आला होता. मी त्यांना स्पष्ट सांगितले की या वाटेने जायचे नाही. ज्या दिवशी शाळेच्या हजेरीपटावर आपली सही आहे, त्याच दिवशी महाविद्यालयाच्या हजेरीपटावरही आपली सही असेल, तर ती पदवी पुढे कोणत्याही तक्रारीत, कोणत्याही चौकशीत आपल्याच विरुद्ध पुरावा ठरते. हा मुद्दा केवळ भीतीचा नाही. जो शिक्षक मुलांना खोटी हजेरी लावू देत नाही त्याने स्वतःच्या पदवीसाठी ती लावावी, हे मला पटत नाही.

दुसरा पर्याय एम.ए. (शिक्षणशास्त्र). ही पदवी विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत आणि मुक्त विद्यापीठांतूनही करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ती किमान दोन आणि कमाल चार वर्षांत पूर्ण करायची असते. २००६ साली सुरू झालेला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्राथमिक शिक्षणातील एम.ए. आणि बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा एम.ए. हे या क्षेत्रातील नावाजलेले अभ्यासक्रम आहेत, पण घर आणि नोकरी सोडून त्यांसाठी बाहेरगावी जाणे बाईंच्या विचारातही नव्हते. दूरस्थ पदवीला कमी लेखले जाईल अशी त्यांना भीती होती. २०२२ च्याच सप्टेंबरमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष असल्याचे पुन्हा स्पष्ट केले, तेव्हा ती बरीचशी दूर झाली. मात्र आपण प्रवेश घेत आहोत त्या सत्रासाठी त्या विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे प्रत्येकाने आयोगाच्या यादीत स्वतः पाहिले पाहिजे.

तिसरा पर्याय एमबीए. बाईंना बी.एस्सी.ला ६१ टक्के गुण होते, त्यामुळे पात्रतेची अडचण नव्हती. नियमित एमबीएसाठी राज्याची सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, शिवाय पूर्णवेळ दोन वर्षे. मुक्त विद्यापीठाचे एमबीए नोकरी सांभाळून होणारे होते. मी व्यवस्थापनाच्या शिक्षणाला गौण मानत नाही. वित्त, मनुष्यबळ, विपणन यांची शिस्तशीर ओळख शाळा चालवणाऱ्यालाही हवी असते, आणि आपल्या अनेक संस्था तिच्या अभावी अडचणीत आल्या आहेत. मोठ्या शहरांतील खासगी शाळासमूह, शैक्षणिक प्रकाशने, शिक्षण-तंत्रज्ञानाच्या कंपन्या, कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून चालणारे प्रकल्प, अशा ठिकाणी बी.एड. आणि एमबीए असा जोड असलेल्या माणसाला निश्चित मागणी असते. पण त्यासाठी अनुदानित सेवा सोडून शहरात जावे लागते. शिवाय बाई जी प्रशासकीय कामे करत होत्या, म्हणजे वेतन पथकाकडे जाणारी देयके, वेतनेतर अनुदानाचे हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडे जाणारी लेखापरीक्षित पत्रके, २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा शुल्काचा प्रस्ताव, यांपैकी काहीही एमबीएच्या अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. ही कामे माणूस शासन निर्णय वाचून आणि अनुभवी लिपिकाशेजारी बसून शिकतो, आणि बाई ती शिकल्याच होत्या.

चौथा पर्याय बाईंच्या यादीत नव्हता. तो मी मांडला : एम.एस्सी. (गणित). कनिष्ठ महाविद्यालयात शिकवण्यासाठी विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. त्या दिवशी बाईंनी मान डोलावली आणि विषय तिथेच थांबला. पुढे तो पुन्हा निघाला.

गुणपत्रकातील एक आकडा

आमच्या दुसऱ्या भेटीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी फाईलमधील बी.एड.चे गुणपत्रक काढून बघितले. तोपर्यंत बाई “पंचावन्नच्या आसपास” असे सांगत होत्या आणि मीही ते धरून चाललो होतो. गुणपत्रकावर १००० पैकी ५४२ होते, म्हणजे ५४.२ टक्के.

हा आठ गुणांचा फरक वरवर किरकोळ दिसतो, पण त्याने सगळी मांडणी बदलली. २०१४ च्या विनियमांनुसार अध्यापक महाविद्यालयात शिक्षणाच्या मूलतत्त्वांचे विषय शिकवण्यासाठी दोन वाटा आहेत. एकीत सामाजिक शास्त्रांतील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत किमान ५५ टक्के, असे हवे असते. दुसरीत एम.ए. (शिक्षणशास्त्र) ५५ टक्के आणि बी.एड.ही ५५ टक्के हवे असते. गणित अध्यापनाच्या जागेसाठी गणितातील पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. अपेक्षित आहे. बाई खुल्या प्रवर्गातील असल्याने सवलतीचा प्रश्न नव्हता. म्हणजे एम.ए. (शिक्षणशास्त्र) कितीही चांगल्या गुणांनी केले, तरी जुन्या बी.एड.च्या ५४.२ टक्क्यांमुळे त्या वाटेने अध्यापक महाविद्यालयात जाता येणार नव्हते. आणि नुसते एम.एड. केले तरी पुरणार नव्हते, कारण विषयातील पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यासाठी एम.एस्सी. आणि एम.एड. अशा दोन पदव्या, आणि शिवाय नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, एवढा प्रवास होता.

बाई बराच वेळ त्या गुणपत्रकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, पाठाच्या परीक्षेच्या दिवशी मला ताप होता. तेव्हा पास झाले याचाच आनंद झाला होता.” बारा वर्षांपूर्वीचा तो एक दिवस आता येऊन आडवा पडला होता. असे प्रसंग पाहिले की वाटते, प्रशिक्षणार्थींना ५५ टक्क्यांच्या रेषेचा अर्थ बी.एड.च्या पहिल्याच महिन्यात सांगितला पाहिजे. मी स्वतः शिकवत असताना तो पुरेसा सांगितला नाही, याची मला त्या दिवशी टोचणी लागली.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय एमबीएबाबत घ्यायचा होता, आणि तो सचिवांच्या शब्दावर अवलंबून होता. मी बाईंना सुचवले की त्यांनी सचिवांकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : प्रशासकाचे पद कधी निर्माण होणार, त्याचे वेतन किती, आणि ते स्वीकारल्यास त्यांच्या अनुदानित पदाचे काय होणार. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, कारण विनाअनुदानित शाळेतील प्रशासकाला शासनाचे वेतन मिळत नाही, आणि अनुदानित पदाचा राजीनामा दिला की परत येण्याची सोय नसते. बाईंना हे विचारणे अवघड गेले. संस्थेशी असे कागदावर बोलणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी भावना आपल्याकडे असते. तरी त्यांनी जूनच्या अखेरीस नम्र पत्र दिले. जुलै गेला, ऑगस्ट गेला, उत्तर आले नाही. तोंडी मात्र “आमच्यावर विश्वास नाही का?” असे दोनदा विचारले गेले.

दुसरा निर्णय दोन पदव्या एकदम करण्याचा. नियम परवानगी देत होता, पण मी बाईंना त्यांच्या एका आठवड्याचे तास लिहून आणायला सांगितले. सकाळी साडेपाचला उठणे, सासऱ्यांचे आंघोळ-औषध, मुलांचे डबे, अकरा ते सव्वापाच शाळा, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. रात्री साडेनऊनंतर सव्वा तास आणि रविवारी थोडा वेळ, असे मिळून आठवड्याला आठ तास निघाले. मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. वर्षाला ३२ श्रेयांक धरले, तर एका पदवीच्या एका वर्षाला ९६० तास हवेत. बाईंकडे शाळेच्या ४० आठवड्यांत ३२० आणि सुट्ट्यांच्या दहा आठवड्यांत, रोज साडेतीन तास दिले तर, सुमारे २५०, असे ५७० तास होते. एकच पदवी दोन वर्षांत बसत नव्हती, तिथे दोन कशा बसणार? कागदावरचा हा हिशेब पाहून त्यांच्या पतींनीच दोन पदव्यांचा विषय मिटवला.

तिसरा आणि खरा निर्णय वहीने केला. ऑगस्टमध्ये मी बाईंना विचारले की पुढची दहा वर्षे रोज सकाळी उठून कोणते काम करायला आवडेल. फी, प्रवेश, कर्मचारी आणि इमारत बघायला आवडेल, की मुले गणितात कुठे आणि का अडखळतात हे शोधून ते दुसऱ्या शिक्षकांना समजावून सांगायला आवडेल? त्यांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि शेवटचे पान उघडून दाखवले. शाळेत नव्याने आलेल्या एका तरुण शिक्षिकेसाठी त्यांनी अपूर्णांकांच्या भागाकाराच्या तीन पाठांचे टाचण तयार केले होते. कोणत्या पायरीवर कोणती चूक येईल हे आधीच समासात लिहिले होते, आणि वर्गात तसे घडले की नाही याची खूण त्या शिक्षिकेने लाल शाईने केली होती. अकरा अंदाजांपैकी आठ खरे ठरले होते.

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासात ज्याला चुकांचे विश्लेषण, कृतिसंशोधन आणि शिक्षकाचा व्यावसायिक विकास म्हणतात, ते बाई नाव माहीत नसताना करत होत्या. त्यांना जे शिकण्याची भूक होती ते एम.ए. (शिक्षणशास्त्र)मध्ये होते. ती पदवी महाविद्यालयाचे दार उघडणार नव्हती, पगारही लगेच वाढवणार नव्हती. अनुदानित शाळांत १२ वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर, तीही मर्यादित संख्येला, निवड श्रेणी मिळते, आणि निवड श्रेणीसाठी वाढीव शैक्षणिक अर्हता पाहिली जाते. त्या दृष्टीने ही पदवी पुढे उपयोगी पडण्याची शक्यता होती, पण ती खात्री म्हणून धरायची नाही असे आम्ही ठरवले. हे सगळे समजून बाईंनी एम.ए. (शिक्षणशास्त्र) निवडले.

प्रत्यक्षात काय केले

निवड झाली तरी प्रवेश लगेच झाला नाही. सेवेत असताना उच्च शिक्षण घ्यायचे तर संस्थेची पूर्वपरवानगी घेणे रास्त असते, आणि सचिवांकडे गेलेला अर्ज तिथेच पडून राहिला. एमबीए न करता एम.ए. का, हा प्रश्न त्यामागे होता हे उघड होते. जुलैचे सत्र हातचे गेले. अखेर मुख्याध्यापकांनी तो अर्ज शाळा समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला. अध्यापनाच्या वेळेवर परिणाम होणार नाही आणि पगारी रजा मागितली जाणार नाही, एवढ्या अटींवर ठराव झाला, आणि नोव्हेंबरमध्ये जावक क्रमांकासह ना हरकत पत्र मिळाले. मुख्याध्यापकांनी यात घेतलेला पुढाकार मला मोलाचा वाटतो. त्यांनी सचिवांशी वाद घातला नाही. विषय फक्त योग्य टेबलावर ठेवला.

जानेवारी २०२३ च्या सत्रात बाईंनी प्रवेश घेतला. निवड श्रेणीच्या बाबतीत ही पदवी ग्राह्य धरली जाईल का, असे त्यांनी शिक्षणाधिकारी कार्यालयाला मुख्याध्यापकांमार्फत लेखी विचारले. सात महिन्यांनी उत्तर आले, की त्या त्या वेळी अमलात असलेल्या शासन निर्णयानुसार निर्णय घेण्यात येईल. उत्तर समाधानकारक नव्हते, पण आपण पदवी घेण्याआधी विचारणा केली होती याचा कागद फाईलला लागला, आणि तो जपून ठेवण्यासारखा आहे.

अभ्यासाची पद्धत त्यांनी स्वतः घडवली. प्रत्येक घटक वाचताना वहीतील एखादी चूक घेऊन ती त्या घटकाच्या भाषेत मांडायची, असा त्यांनी नियम केला. रचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते हा विचार, वाचताना त्यांनी उणे संख्यांच्या वर्गाची चूक घेतली, मूल्यमापन वाचताना स्वतःच्याच घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तपासली. लघुप्रबंधाचा विषयही साहजिकच आठवीतील बैजिक विस्तारातील चुकांचा झाला.

काय झाले

वेळापत्रक कोसळले, आणि ते कोसळणार हे आमच्याच हिशेबाने सांगितले होते. पहिल्या वर्षाचे पेपर वेळेत झाले. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांचे आजारपण वाढले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या कामाची व प्रशिक्षणाची जबाबदारी आली. दोन विषयांचे स्वाध्याय वेळेत गेले नाहीत. ते दोन पेपर आणि लघुप्रबंध जून २०२५ पर्यंत पुढे गेले. दोन वर्षांऐवजी अडीच वर्षे लागली, आणि ती अडीचच लागली याची किंमत बाईंनी झोपेने चुकवली. शेवटच्या सहा महिन्यांत त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. निकाल लागला तेव्हा ६३ टक्के गुण होते.

या पदवीमुळे पगारात एक रुपयाचाही फरक पडलेला नाही. संस्थेने इंग्रजी शाळेसाठी बाहेरून एमबीए झालेला प्रशासक नेमला आणि ते गृहस्थ काम चांगले करत आहेत. बाईंना त्याचे वाईट वाटले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “नाही सर. आता आरटीईचे प्रस्ताव मला करावे लागत नाहीत.” शिक्षकांच्या प्रशिक्षणात गणितासाठी तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्यांना दोनदा बोलावले, आणि तिथे त्यांनी लघुप्रबंधातील चुकांचे तक्ते वापरले. शाळेतील तीन गणित शिक्षक आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अर्धा तास एकत्र बसतात आणि त्या महिन्यातील एक चूक घेऊन बोलतात. हे छोटे आहे, पण ते या पदवीतून आले आहे, आणि माझ्या दृष्टीने एखाद्या शाळेत याहून मोलाची गोष्ट क्वचितच घडते.

वेगळे काय करता आले असते

ज्येष्ठता यादी आणि गुणपत्रके पहिल्याच भेटीत पाहायला हवी होती. मी पहिल्या भेटीत बाईंना एम.एड.चाच विचार करा असे अर्धवट सुचवले होते, कारण ते मी आयुष्यभर शिकवले होते आणि ते मला जवळचे होते. त्या सुचवण्याने त्यांचे तीन आठवडे महाविद्यालयांची चौकशी करण्यात गेले आणि हजेरीचा तो अनुचित निरोपही त्यातूनच आला. सल्ला देणाऱ्याने स्वतःचा विषय आधी बाजूला ठेवावा, हे मला या प्रकरणात नव्याने कळले.

तासांचा हिशेब आम्ही दोन पदव्यांना नकार देण्यासाठी वापरला, पण एका पदवीसाठी त्याच हिशेबाने निघणारी साडेतीन वर्षे मात्र मनावर घेतली नाहीत. चार वर्षांची कमाल मुदत हाताशी असताना दोन वर्षांचा आग्रह कशासाठी धरला, याचे माझ्याकडे चांगले उत्तर नाही. वर्षाला निम्मेच पेपर घेऊन, निवडणुकीच्या आणि दहावीच्या परीक्षेच्या महिन्यांत काहीही न ठेवता आराखडा केला असता, तर निवडणुकीने तो बिघडला नसता आणि बहुधा ती गोळीही लांबली असती. घरातील कामाची वाटणी आधी बोलून ठरवायला हवी होती. सासऱ्यांसाठी दुपारची मदतनीस निकालाच्या चार महिने आधी लावली गेली, ती पहिल्या महिन्यातच लावणे त्यांना परवडण्यासारखे होते.

सचिवांच्या उत्तराची दोन महिने वाट पाहणेही टाळता आले असते. लेखी मागणीला १५ दिवसांत उत्तर आले नाही तर नकार समजायचा, असे स्वतःशी ठरवले असते आणि परवानगीचा अर्ज थेट शाळा समितीकडे दिला असता, तर जुलैचेच सत्र मिळाले असते.

एक गोष्ट मात्र पुन्हा तशीच करावी असे मला वाटते. २०२५ च्या सुरुवातीला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नव्या विनियमांचा मसुदा आला आणि त्यात एक वर्षाच्या एम.एड.चा, तसेच नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ एम.एड.चा प्रस्ताव होता. तेव्हा काही सहकारी बाईंना म्हणाले की थोडे थांबला असता तर बरे झाले असते. मसुद्यावर विसंबून आयुष्याचे आराखडे करू नयेत. बाई थांबल्या असत्या तर ती वही अजून पिशवीतच राहिली असती.

अध्यापक महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी अजून बंद आहे, आणि ते त्यांना आता उघडावेसे वाटू लागले आहे. गेल्या महिन्यात त्या आल्या तेव्हा एम.एस्सी. (गणित)चे माहितीपत्रक सोबत होते. या वेळी त्यांनी आधी बी.एस्सी.ची तिन्ही वर्षांची गुणपत्रके टेबलावर मांडली, मग पुढच्या चार वर्षांतल्या निवडणुका, मुलीची दहावी आणि स्वतःची बोर्डाची ड्यूटी कोणत्या महिन्यांत येते त्याचा तक्ता काढला, आणि विचारले, “सर, यात वर्षाला तीन पेपर बसतील का, बघा.” आम्ही दोघांनी मिळून मोजले. तीन बसत नाहीत, दोन बसतात.